सत्तेचाळिसावी पायरी

जानेवारी निम्मा सरला की आमच्या पॉलीहाउसवर कॅपच्या गोण्या येतात. कॅप म्हणजे कळीची टोपी. पांढऱ्या लवचीक जाळीची, करंगळीएवढी. गुलाबाची कळी वाटाण्याएवढी झाली की तिच्या डोक्यात ही टोपी घालायची. मग कळी आतल्या आत भरते, लांब होते, टोकदार होते, पण उमलत नाही. उमलायचं ते तिनं लांब कुठंतरी, कुणाच्या तरी टेबलावर. आमच्याकडं असताना उमलली तर ती वाया गेली. चौदा फेब्रुवारीच्या आधीचे तीन आठवडे आम्ही बाया दिवसभर एवढंच करतो. कळ्यांना उमलू देत नाही.

यंदाही गोण्या आल्या. सुतळी सोडली, कोऱ्या प्लॅस्टिकचा गोडसर वास नाकात गेला. बाकीच्या बायांना या वासानं सहल आठवते, कारण हा हंगाम संपला की आमचे सुपरवायझर तानाजीभाऊ सगळ्यांना एक दिवस कुठंतरी नेऊन आणतात. मला एक जिना आठवतो.

मी इथली नाही. माझं माहेर नि सासर दोन्ही हिंगोलीकडं, हळदीच्या मुलखात. माझा नवरा संतोष इथं फवारणीच्या कामाला लागला आणि लग्नानंतर मीही त्याच्या मागं आले. कामशेतवरून पवनेच्या अंगाला रस्ता जातो, त्याच्या कडेला भाताच्या खाचरांमध्ये ही प्लॅस्टिकची घरं उभी आहेत. लांबून वाटतं, ढगच खाली येऊन बसलेत. आत गेल्यावर कळतं, ढगात श्वासाला किती जागा असते ते. सकाळी दहापर्यंत बरं असतं. मग ऊन चढतं, माती वाफ सोडते, औषधाचा आणि पानांचा मिळून एक हिरवट वास घशात बसतो. वर बघावं तर आभाळ नाही, दुधी कागद. त्यावर एखादा पक्षी बसला तर त्याची फक्त नखं दिसतात.

आणि आत यायला दोन दारं. दोन्हींच्या मधे दोन माणसं उभी राहतील एवढी खोली. पहिलं दार नीट लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर किडे आत येतात. त्या दोन दारांच्या मधे मी रोज अर्धा मिनिट उभी असते. इतकी वर्षं झाली, अजून त्या अर्ध्या मिनिटात माझे कान गरम होतात.

याचं कारण हसण्यासारखं आहे. लहानपणी लपाछपी खेळताना मी हळदीच्या खोलीत पोत्यांच्या मागं लपले. आजोबांनी बाहेरून कडी घातली आणि ते शेताला गेले. मी आत आहे हे कुणालाच माहीत नाही. खेळणाऱ्या पोरी मला शोधून शोधून जेवायला गेल्या. दुपार गेली. आईनं दार उघडलं तेव्हा माझा आवाज बसला होता, आणि हाताला, केसांना, ओठांना सगळीकडं हळद. सगळे हसले. म्हणाले, नवरी झाली की गं आत बसून. तेव्हापासून दार बंद झालं, की माझ्या जिभेवर हळद येते. कडू, कोरडी. मग पाय माझे राहत नाहीत.

शाळा नववीनंतर सुटली. तेही कारण फार मोठं नाही. हायस्कूल दुसऱ्या गावाला, सकाळची एसटी बंद झाली, बरोबरच्या दोघी घरी बसल्या, मग मीही बसले. 'बसली' असंच म्हणतात आमच्याकडं. पोरगी नापास झाली नाही, पळून गेली नाही, बसली.

ठकूमावशी मला भेटली ती कोल्ड स्टोरेजच्या दारात. माझा पहिलाच हंगाम होता. कापलेल्या फुलांच्या बादल्या त्या थंड खोलीत नेऊन ठेवायच्या असतात. जाड दार, आपोआप लागणारं. आतून उघडायला खटका आहे, मला तो दाखवलाही होता, तरी मी दोन्ही हातांत बादल्या धरून बाहेरच उभी. मागं रांग लागलेली. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली. ठेंगणी, काळीसावळी, काट्यांनी ओरबाडलेले हात. धरणाच्या वरच्या अंगाला कडेपठारावर वाडी आहे, तिथून रोज उतरून यायची आणि रोज चढून जायची.

"काय गं, आत भूत हाये का?"

"भूत नाही मावशी. दार आहे."

"मग दाराला काय झालं?"

"लागतं ते."

तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आपला रबरी बुटातला पाय दाराच्या फटीत घातला. "आता कसं लागंल? माझा पाय तुटल्याबिगर न्हाई लागायचं. जा."

मी गेले. आले. पुन्हा गेले. तानाजीभाऊ लांबून ओरडले, "ओ मावशी, गार हवा सगळी भाईर चाललीय! आख्खं मावळ थंड करताय का काय?"

"व्हऊ द्या थंड, भाऊ. उनाळा येतोयच."

त्या दिवसापासून हंगामात माझ्या बादल्यांच्या वेळी ठकूमावशीचा पाय दारात. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

तानाजीभाऊ स्वभावानं बरे. जिथं त्यांचे आजोबा भात लावायचे तिथंच ते आता गुलाब लावतात, त्यामुळं झाडाविषयी बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. बेंडिंग त्यांनीच मला शिकवलं. गुलाबाच्या झाडाची जी फांदी बारीक असते, फूल धरणार नसते, ती तोडायची नाही. अंगठ्यानं हळूच दाबून खाली वाटेकडं वाकवायची. "ही फुलत न्हाई," भाऊ म्हणाले, "पन हिची पानं झाडाला खायला घालत्यात. वर जी लांब दांडी येती ना, ती हिच्या जिवावर." मी त्या दिवशी शंभरेक फांद्या वाकवल्या असतील. एकही मोडली नाही. पण घरी आल्यावर उगाचच रडू आलं. संतोषला वाटलं, औषध डोळ्यात गेलं.

दहावीचं खूळ संतोषचंच. शाळा सोडलेल्यांना बाहेरून परीक्षा देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्यानं गावाकडून माझा शाळेचा दाखला मागवला, फोटो काढायला लावले. मी अभ्यास केला. खरंच केला. पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर भूमितीच्या आकृत्या काढल्या. आणि पहिल्या पेपरला वडगावच्या केंद्रावर जाऊन सोळा-सोळा वर्षांच्या पोरांच्यात बसले. प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न मला येत होता. तेवढ्यात वाऱ्यानं दार आपटायला लागलं, म्हणून बाईंनी ते ओढून घेतलं. बस्स. जिभेवर हळद आली. मी उठले, कोरा पेपर टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. बाई बिचाऱ्या मागं आल्या, पाणी देऊ का म्हणाल्या. मी स्टेशनपर्यंत थांबले नाही. घरी सांगितलं, उलटी झाली.

खरं फक्त ठकूमावशीला सांगितलं.

"परत भर फारम," ती म्हणाली.

"परत तेच होईल."

"मग परत ये भाईर. भरायला काय जातंय?"

म्हणून मी परत भरला. तोच हा हंगाम, ज्याबद्दल मी लिहितेय. चार वर्षं झाली त्याला. हॉल तिकीट फळीवर, डाळीच्या डब्याखाली ठेवलेलं. परीक्षा मार्चच्या तोंडावर. आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं, या वेळी उठून आले तर पुन्हा या वाटेला जायचं नाही. मग कायमचीच बसले. संतोषला हे माहीत नव्हतं. मावशीला माहीत असावं. ती काही विचारायची नाही, पण त्या दिवसांत माझ्या शेजारचीच रांग धरून कॅप घालायची.

कॅप घालताना हात चालतात आणि तोंड मोकळं असतं. अशाच एका दुपारी ती म्हणाली, "वैशे, तुला ठावं हाये का, दर्याला दिवा असतुया?"

"दीपगृह. पुस्तकात आहे."

"पुस्तकात असंल. मी बगितलाय." लहानपणी ती कड्याच्या काठावर गुरं चारायची. दिवाळीनंतर हवा धुतल्यासारखी झाली, की गुरं वळवायच्या वेळेला मावळतीकडं, पार खाली कोकणाच्या पलीकडं, एक ठिपका दिसायचा. "डोळा मिचकावतो त्यो. उगडला, मिटला. उगडला, मिटला. बा म्हनायचा, दर्याचा दिवा हाये. मी म्हनायची, मग त्याला निजवतं कोन आन उटवतं कोन? तर बा म्हनला, जाशील तवा ईचार त्याला."

"मग विचारलं का?"

"कुटं ईचारतीय! कामशेतचा बाजार आन लोनावळ्याला लेक दिलीय तितं. संपला माझा मुलुख."

तो ठिपका खरंच दीपगृहाचा होता, की कुठल्या कारखान्याचा, कोण जाणे. इतक्या लांबून दिसत असेल असं मला वाटत नाही. पण त्या वर्षी तानाजीभाऊंनी विचारलं, "बोला, सहलीला कुटं? दरसालासारखं देवाला?" तेव्हा सगळ्यांच्या आधी मावशीचा आवाज आला, "दर्याच्या दिव्याला." बाया हसल्या. भाऊपण हसले. पण गाडी ठरली ती तिकडचीच.

गाडी लोणावळ्यावरून खंडाळ्याच्या घाटाला लागली. बोगदा आला तेव्हा मावशीनं माझा हात धरला. बोगदा संपला तरी सोडला नाही. म्हणाली, "म्होरं आजून येक असंल." होताच.

अलिबागच्याही पुढं, समुद्रात घुसलेला एक सडा आहे, कातळाचं सपाट पठार. तिन्ही बाजूंनी पाणी. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत वाऱ्यानं सपाट झोपलेलं, मधूनमधून काळा दगड, आणि अगदी टोकाला ते पांढरं दीपगृह, साहेबाच्या काळातलं. मी समुद्र पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं, खूप पाणी असेल. तसं नव्हतं वाटत. खूप उघडं होतं. इतकं उघडं मी जन्मात काही बघितलं नव्हतं. माळरान असतं आमच्याकडं, पण त्याला कुठंतरी एखादं बाभळीचं झाड तरी अडवतं. इथं कुणीच कुणाला अडवत नव्हतं. वारा तोंडातून आत शिरून पाठीतून बाहेर पडत होता. मी मोठमोठ्यानं श्वास घेतले. वाटलं, इथं आपल्याला काही होणार नाही.

आणि एवढ्या उघड्यावर माणसांनी बांधलेलं काय, तर हातभर जाडीच्या भिंतींचं एक उभं दगडी नळकांडं. आत गोल गोल जिना. दोन्ही अंगांना भिंत, धरायला दोर, आणि वळणावळणावर वितीएवढी फट. दिव्यावरचा माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. म्हणाला, दहा-दहा जण जा, आणि पाचला बंद होतं बरं का. संतोष पहिल्याच खेपेला त्याच्याबरोबर गेला आणि वरच थांबला. आम्ही दोघी शेवटच्या खेपेत. मी म्हटलं, मी खाली थांबते. मावशी म्हणाली, "मी हाये ना मागं. चल."

मी चढले. खरं सांगते, बरीच चढले. पुढच्या बाईच्या टाचा बघत, एक, दोन, एक, दोन. दगड मधोमध झिजून खोलगट झालेले. मग खालून धाडकन आवाज आला. वाऱ्यानं खालचं दार लागलं होतं. अंधार काही पूर्ण झाला नाही, फट होतीच. पण हळद आली. जिभेवर, घशात, पार कानापर्यंत. मी त्या पायरीवर बसले. पुढच्या टाचा वळणाआड गेल्या. मागून येणाऱ्या बाया अंग चोरून माझ्यावरून गेल्या. कुणी म्हणालं, "चक्कर आली काय गं?" कुणी म्हणालं, "सरक की बाई." मग कुणी उरलं नाही. वर जाणं होईना आणि खाली जाणंही होईना.

वरून संतोषची हाक आली, जिन्यातून घुमत, "वैशाली, ये की! आख्खा समुद्र दिसतोय!"

"येती म्हनावं दमानं!" मावशी खालून ओरडली. मग माझ्या पायाशी, एक पायरी खाली, तीही बसली. पाय भिंतीला लावून, आडवी. म्हणजे मी घसरले असते तरी तिच्यावरच अडकले असते.

"मावशी, मरते मी इथं."

"मरशील, पन परीक्षा दिऊन. आदी न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "वर बगू नगं, खाली बगू नगं. ह्या भोकातनं बग."

फटीतून समुद्राची एक उभी पट्टी दिसत होती, लुगड्याच्या काठाएवढी. त्या पट्टीत एक होडी शिरली. हळूहळू मधे आली. मग दुसऱ्या कडेनं निघून गेली. आणि पट्टी पुन्हा रिकामी. आम्ही अशा तीन होड्या बघितल्या. बाया वरून उतरून गेल्या, संतोषही आला, मला उठवायला लागला, तर मावशीनं त्याला हात करून खाली पिटाळलं. शेवटी दिव्यावरचा माणूस किल्ल्या वाजवत उतरला. मी डोळे मिटून घेतले होते. तो आमच्यापाशी थांबला, वाकला, मावशीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मावशी म्हणाली, "असू दे. आमी हितंच बऱ्या."

तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तू जा ना वर. दिवा बघून ये. मी बसते."

तोंडानं म्हटलं. पण तिचा पदर माझ्या मुठीत होता आणि मूठ मी सोडली नव्हती. त्या सगळ्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. समुद्र नाही, होड्या नाहीत. माझी मूठ.

"दिवा काय पळून जातुया व्हय?" ती म्हणाली.

आम्ही उतरलो ते बसत बसत. लहान पोरं उतरतात तसं, ती पुढं, मी मागं. प्रत्येक पायरीला ती मोजत होती. तिला विसाच्या वर मोजता येत नाही. पण गुलाबाचा बंच वीस फुलांचा असतो, आणि पॅकिंगमध्ये ती बंच मोजायची. वीस झाले की एक बोट दुमडायची. तसंच तिनं ते मोजलं. "झाला येक बंच." पुन्हा पहिल्यापासून. "दुसरा बंच." आणि मग दार, वारा, उजेड. "दोन बंच आन सात," ती म्हणाली, जशी काही फुलं मोजून ठेवली.

परतीला ती गाडीच्या मागच्या काचेतून बघत बसली होती. सडा दिसेनासा होईपर्यंत. "पेटला न्हाई आजून," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पहिल्या पेपरला मी वडगावला गेले तर केंद्राच्या फाटकाशी ठकूमावशी आधीच येऊन बसलेली. कामावर खाडा करून. भाकरी बांधून. मला खिडकीजवळची जागा मिळाली. पेपर सुरू झाला, दार लागलं, आणि हळद आली. मी मान वळवली. फाटकाशी ती होती, भिंतीला पाठ लावून, आणि एक पाय सरळ लांब पसरलेला, फाटकाच्या आत. शिपाई तिला काहीतरी सांगत होता. ते बोलणं मला नंतर कळलं. तो म्हणाला, "आजी, पाय एकतर आत घ्या नाहीतर बाहेर." ती म्हणाली, "न्हाई, फाटक लागंल." त्यानं विचारलं, "नातीचा पेपर आहे का?" ती म्हणाली, "न्हाई. माझाच हाये."

तीन तास तिचा पाय तिथं होता. मी तीन तास लिहिलं. दर पानाला एकदा खिडकीकडं बघायची.

पास झाले. गणितात काठावर. आईला फोन केला तर ती हळदीच्या ढिगावर होती, तिला नीट ऐकूच येईना. "काय पास?" म्हणाली. मग रडायला लागली.

दहावीनं काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. आता मी पॅकिंगला असते, दांडीची लांबी बघून माल वेगळा करते, खोक्यांवरची इंग्रजी नावं वाचते. कुठल्या कुठल्या गावांची नावं असतात. पण सकाळी आत येताना ती दोन दारं तीच आहेत, आणि मधली खोलीही तेवढीच. संक्रांतीला गावी जाणं याही वर्षी झालं नाही, कारण तिकडं हळद निघते तेव्हाच इकडं कळ्या धरतात. कोल्ड स्टोरेजच्या दारात मी आता विटेचा तुकडा ठेवते. ठकूमावशी दोन वर्षं झाली, कामावर येत नाही. गुडघे गेले. वाडीवरून खाली उतरायची वाट अशी, की धडधाकट माणूसही बूड टेकवत उतरतं. उतरली तर चढणार कशी, म्हणून ती वरच. ओट्यावर. आता तीच बसलीय.

यंदा तानाजीभाऊंनी पुन्हा तीच सहल काढली. नव्या पोरींना समुद्र बघायचा होता. मी नाही म्हटलं. सुट्टीच्या दिवशी वाडीवर गेले तेव्हा मावशीला तसं सांगितलं.

"का गं?"

"तुझ्याशिवाय नाही."

"माझं काय? मी आता येती व्हय!" ती नाचणी पाखडत होती. सूप थांबलं. "तू जा. वर चड. आन त्याला ईचारून ये, निजवतं कोन आन उटवतं कोन. बा न्हाई आता, पन मला तरी ठावं पायजे."

म्हणून गेले. बोगद्यात स्वतःचाच हात धरला. सड्यावर गवत तसंच झोपलेलं, वारा तसाच. संतोष म्हणाला, मी मागं थांबू का? मी म्हटलं, नको, तू हो पुढं. आणि मोजत चढले. एक बंच. दुसरा बंच. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. तिथं बसले. तीच फट. तीच लुगड्याच्या काठाएवढी पट्टी. खाली वाऱ्यानं दार आपटलं. मला माहीत होतं, ते आपटणार. तरी हळद आली ती आलीच. इतक्या वर्षांत ती जरासुद्धा फिकी झालेली नाही.

पायाशी कुणी नव्हतं. खालची पायरी रिकामी. मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. मनात एकच येत होतं. मी आत्ता उतरले, तर उद्या वाडीवर जाऊन सांगावं लागेल, आणि ती म्हणेल, असू दे. ते 'असू दे' माझ्यानं दुसऱ्यांदा ऐकवलं नसतं. मी पुढच्या पायरीवर हात टेकला. मग गुडघा. पोरं रांगतात तसं. एक. दोन. तीन. वळण. चार, पाच. पुढं दगड संपून लोखंडी शिडी लागली. सहा, सात, आठ, नऊ, दहा.

अकरा, आणि माझं डोकं उजेडात निघालं.

अकराच. मी वर उभी राहून पुन्हा मोजल्या, बोटांवर. आम्ही बसलो होतो तिथून दिव्यापर्यंत अकरा पायऱ्या. एवढंच अंतर. माझी मूठ सुटली असती तर ती दोन मिनिटांत वर जाऊन खाली आली असती. संतोष फोटो काढायला बोलवत होता. मी दगडाला टेकून राहिले. समुद्राकडं बघवेना.

दिव्यावर आता दुसरा माणूस आहे, तरणा. त्यानं सगळं दाखवलं. मी त्याला मावशीचा प्रश्न विचारला, तिच्याच शब्दांत. तो हसला, पण नीट सांगितलं. मग मी पूर्वेकडं बघितलं. सह्याद्रीची रेघ दिसेल असं वाटलं होतं. नुसतं धुरकट होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. जाताना एक फूल नेलं, कॅप निसटून उमललेलं, म्हणजे आमच्या हिशेबी वाया गेलेलं. ती ओट्यावरच होती, पाय लांब करून. फूल तिनं कानामागं खोचलं आणि म्हणाली, "बोल."

"दिवा लहानच आहे, मावशी. तांब्याएवढा. पण भोवती काचांचं केवढं मोठं मखर. माणसाएवढं उंच. दिवसा त्याला पडदे लावून ठेवतात, नाहीतर उन्हानं पेटायचं."

"आन निजवतं कोन?"

"कुणीच नाही. तो मिटतच नाही. एकदा लावला की सकाळपर्यंत सारखा जळतो. काचा फिरतात त्याच्या भोवतीनं. काच आपल्या समोर आली की आपल्याला दिसतो, पुढं गेली की दिसत नाही."

तिनं मावळतीकडं बघितलं. "म्हंजी जागाच असतुया," म्हणाली. "आन बा म्हनायचा, डोळा मिचकावतो." मग स्वतःशीच हसली. "बरं झालं ईचारलंस."

मी उठायला लागले. ज्याची मला धास्ती होती, तेच तिनं विचारलं. "आन पायऱ्या गं? आपून बसलो, त्याच्या वर आजून किती व्हत्या?"

याचं उत्तर मी घाट चढताना, रात्रभर आणि वाडीच्या वाटेवर तयार करून ठेवलं होतं. "लय होत्या मावशी," मी म्हटलं. "अजून दोन बंच तरी. तुझ्या गुडघ्यांना तेव्हाही नसतंच जमलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. कोल्ड स्टोरेजच्या दारात पहिल्यांदा बघितलं होतं तसंच. तेव्हा आधी दाराकडं, मग माझ्याकडं.

"खोटारडी," ती म्हणाली. "त्या दिव्यावाल्यानं तवाच सांगितलं व्हतं मला, कानात. अर्धा बंच आन वर येक."